हातचं पाणी

१४ नोव्हेंबर १९६०

नोकरीला आज दोन वर्षे पूर्ण. वॉर्डबॉय होतो, वॉर्डबॉयच आहे.

सकाळी चौदा वाट्या पेज आली. तेरा रिकाम्या परत गेल्या. साळवे सिस्टरांनी फळ्यावर खडूने १३ लिहिले. बायकांच्या वॉर्डात नऊच. राहिलेली वाटी खाट सातची. लकव्याचा म्हातारा, तोंड मिटून घेतो. गफूरभाई म्हणाला, "अबे तायडे, तू पाह्य भरवून. म्या भरवलं तं बुढ्यानं माह्याच शर्टावर थुकलं." गफूरभाई माझ्याहून दहा वर्षे जुना वॉर्डबॉय, पण धीर नाही. मी बसलो. अर्धा तास लागला. वाटी संपली. सिस्टरांनी १३ पुसून १४ केले.

दवाखान्याच्या समितीचे लोक महिन्याच्या शेवटी फळा बघायला येतात. मागच्या वेळी म्हणाले, या वॉर्डात रोगी उपाशी राहत नाही.

केस पेपरवर 'अर्धांगवायू' प्रत्येक डॉक्टर निराळे लिहितात. कोशात पाहून घेतले. माझे बरोबर होते.

१७ नोव्हेंबर

बाबा.

दुपारी दोन वाजता बैलबंडी आली. उतरवायला मी आणि गफूरभाई गेलो. मी पायांकडून धरले. टाचेवरचा वण बघितला आणि मग तोंड बघितले.

बाबा कामाला आहेत त्या कापसाच्या जिनात, गंजीजवळ बसले होते. जेवणाची घंटा झाली, सगळे उठले, बाबांना उठता आले नाही. बंडीवाला सांगत होता, "आमाले वाटलं तायडेबुवा गंमत करून राहिले." उजवी बाजू गेली. बोलणे गेले. डोळे मात्र सगळीकडे फिरतात.

खाट अकरा. मोठ्या डॉक्टरांनी तपासले. म्हणाले, "तायडे, वडील जगतील. हात येईल की नाही ते सांगत नाही. पण जगतील." मी पुन्हा विचारले. पुन्हा तेच म्हणाले.

भातकुलीला आईला निरोप धाडला.

१८ नोव्हेंबर

आई पहिल्या गाडीने आली. रडली नाही. बाबांची वहाण खाटेखाली सरळ लावून ठेवली.

सकाळची पेज मी भरवली. बाबा निजलेलेच, मान उशीवर. पहिले चार चमचे ओठाच्या कोपऱ्यातून गळाले. पाचव्याला ठसका. थोडे नाकातून आले. मी पुसले, थांबलो, पुन्हा दिले. तीन पाव तास. वाटी संपली. आई म्हणाली, "जेवला म्हंजे उठला समज."

सिस्टरांनी फळ्यावर आकडा लिहिला तेव्हा माझ्याकडे बघून मान हलवली. आजच्या आकड्यात बाबांची वाटी आहे.

१९ नोव्हेंबर

भातकुलीहून सहा माणसे आली. प्रत्येकाने एकेक चमचा आपल्या हातचे पाणी पाजले. कोणाच्या मनात राहायला नको. काका म्हणाले, "माह्या हातचं घे रे दादा. लहानपनी तुह्या हातचा लय मार खाल्ला." बाबा डाव्या बाजूने हसले. सगळे हसले. मग बाबांना ठसका लागला आणि बराच वेळ राहिला.

चमचा मी दर वेळी धुऊन देत होतो.

२० नोव्हेंबर

बाबांनी डाव्या हाताने माझे मनगट धरले. जोर आहे. मोठे डॉक्टर म्हणाले, "चांगलं चाललंय."

आईने दुपारी बशीत चहा पाजला. बाबांना जिनात दुपारचा चहा लागतो. त्यानंतर 'आ' असा आवाज काढला. गळ्यात पाणी भरल्यासारखा आवाज होता. आई म्हणाली, "आवाज फुटून राहिला." आम्हां दोघांना फार आनंद.

२२ नोव्हेंबर

ताप. सकाळी १०१, दुपारी १०३. छातीत घरघर. पेनिसिलिन सुरू.

थोरली बहीण शांताताई अकोल्याहून, सासरहून आली. तिनेही पाणी पाजले.

२३ नोव्हेंबर

ताप तसाच. पेज घेतली नाही. जबरदस्ती केली नाही. एक वाटी परत गेली.

२४ नोव्हेंबर

बाबा गेले. सकाळी सव्वानऊ.

खाट मीच धुतली. गफूरभाई नको म्हणत होता.

९ डिसेंबर

कामावर परत. आईला अमरावतीला माझ्या खोलीवर आणले. भातकुलीचे घर काकांकडे.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई तेच सांगते. "माह्या पोरानं हातानं भरवलं. चहा मी पाजला. माणूस उपाशी नाय गेला." एवढे सांगितले की तिचा चेहरा थोडा निवतो. मग येणारे माझ्याकडे बघतात.

मोठ्या डॉक्टरांना विचारले, "साहेब, तुम्ही जगतील म्हणाला होतात." ते हात धूत होते. म्हणाले, "न्युमोनिया झाला. अर्धांगवायूत असं होतं."

असं होतं म्हणजे काय. प्रत्येकाला होते का? कोणाला होते? खाट सातचा म्हातारा गेल्याच आठवड्यात काठी टेकत घरी गेला.

११ डिसेंबर

शंभर पानांची वही आणली. रेघा मारल्या. लकव्याचा प्रत्येक पेशंट, एक पान. नाव, गाव, वय. पडल्यापासून किती तासांनी आणला. कोणती बाजू. बोलतो का. खाट. कूस कितीदा बदलली. पाठीला जखम. ताप कोणत्या दिवशी. कसा गेला: चालत, उचलून, की वर.

पहिले पान बाबांचे. मागच्या रोजनिशीवरून भरले.

का होते ते मला कळले पाहिजे. एवढेच.

३० डिसेंबर

पाच पाने. मला वाटते खिडकी. बाबांची खाट खिडकीखाली होती, थंडीचे दिवस. ताप आलेले दोघे खिडकीकडचे. सिस्टरांना सांगून लकव्याच्या खाटा भिंतीकडे नेल्या. गफूरभाईने कण्हत ओढल्या. "तायडे इंजिनेर झाला. उद्या म्हनशीन दवाखानाच भातकुलीले नेऊ."

२२ जानेवारी १९६१

भिंतीकडच्यालाही ताप. चौथ्या दिवशी. वलगावचा सुतार, वय पन्नास. दहाव्या दिवशी गेला. त्याची बायको घरून दूध आणून भरवत असे.

खिडकी नव्हे. खिडकीवर काट मारली.

१८ फेब्रुवारी

शिरगणतीवाले खोलीवर आले. मास्तर होते, चष्म्याचे. धर्म विचारला. आई ताठ बसून म्हणाली, "बौद्ध. नीट लिवा." मग विचारले, घरात माणसे किती. आई म्हणाली तीन. मी म्हणालो दोन. मास्तर लेखणी थांबवून आमच्याकडे बघत राहिले. आई उठून पाणी आणायला गेली. दोन लिहिले.

६ मार्च

पाठीच्या जखमांचा हिशेब मात्र लागला. ज्यांची कूस दिवसातून दोनदाच बदलली त्यांना जखमा. मी आणि गफूरभाई आता दर दोन तासांनी, कोर्टाच्या टोल्यावर, सगळ्या लकव्यांची कूस बदलतो. महिनाभरात नवी जखम नाही. साळवे सिस्टर वही उलटून म्हणाल्या, "तायडे, हे कोणी शिकवलं?" कोणी नाही म्हणालो. "मग आता पुढल्याला तू शिकव."

चांगले वाटायला हवे. बाबांच्या पाठीला जखम नव्हती.

१९ एप्रिल

ताप थांबत नाही. सोळा पाने झाली. मला दिसत नाही. कुठेतरी रकाना कमी आहे.

८ मे

अकोला. शांताताईच्या सासऱ्यांना लकवा. चार दिवसांची रजा. ऊन मरणाचे.

इथला दवाखाना आमच्यापेक्षा लहान. वॉर्डात शिरलो तर ताई आणि नर्सबाई हमरीतुमरीवर. नर्सबाई बुटक्या, वय झालेल्या. ताईच्या हातात पाण्याचा तांब्या.

"दोन दिस झाले पोटात काई नाय. मानूस उपाशी मारता का?"

"नाकातल्या नळीनं जेवला तो. सकाळी, दुपारी. मी स्वतः दिलं."

"नळीनं कोनी जेवते का? सासरा हाय माहा. माह्या हातचं पानी नको त्याले?"

"नको. तुमच्या हातचं नको, माझ्या हातचं नको, देवाच्या हातचं नको. ते पाणी पोटात जात नाही, बाई. छातीत जातं."

मग त्यांनी करून दाखवले. म्हाताऱ्याला उठवून टेकून बसवले. एक चमचा पाणी. एकच. हाताची बोटे गळ्यावर. मग म्हणाल्या, "नाव सांगा बुवा." त्यांनी काहीतरी म्हटले. आवाज गळ्यात पाणी भरल्यासारखा.

नर्सबाई ताईला म्हणाल्या, "ऐकलात हा आवाज? हा आवाज आला की थेंब द्यायचा नाही. मी रोज बघीन. सुधारला की तुम्हीच भरवा. पण बसवून."

मी बाहेर येऊन लिंबाखाली बसलो.

९ मे

नर्सबाईंना विचारले, तुम्ही लिहून ठेवता का? म्हणाल्या, "लिहायला वेळ कोणाला आहे? एका डॉक्टरांनी शिकवलं, ते बदलून गेले. मी करते आहे." लकव्याला न्युमोनिया होतो का विचारले. "होतो की. पूर्वीसारखा नाही."

ठसका लागला तर ते पाणी कुठे गेलेले असते, हे दुसऱ्यांदा विचारले. त्यांनी माझ्याकडे नीट बघितले. "तुमच्या घरचं कोणी होतं का?"

मी नाही म्हणालो.

१३ मे

अमरावती. २० नोव्हेंबरची नोंद काढून वाचली. 'आम्हां दोघांना फार आनंद.'

१४ मे

नवा रकाना: भरवताना ठसका. त्याच्या शेजारी दुसरा: कोणी भरवले. मागच्या पेशंटांचे सिस्टरांना, गफूरभाईला विचारून, माझ्या आठवणीवरून भरले. आठवत नाही तिथे रेघ. अंदाज लिहिला नाही.

ठसका लागूनही भरवत राहिलो असे नऊ. त्यांतले सात तापले. ठसका नाही असे सहा. त्यांतला एक. दोघांचे माहीत नाही.

पुन्हा मोजले. एकेक पान बोट ठेवून. तेच.

सातांतले पाच मी भरवलेले. माझा हात बसतो म्हणून अवघड पेशंट माझ्याकडे द्यायचे.

बाबांच्या पानावर ठसक्याच्या रकान्यात 'हो' लिहिले. पुढचा रकाना भरला नाही. सकाळ-संध्याकाळ मिळून पेजेच्या नऊ वाट्या मी. चहा रोज दुपारी आई. पाणी सहा जण आणि ताई. यांतला कोणता चमचा

१६ मे

जेवायला बसलो की आई वाढते आणि म्हणते, "घे अजून." आज ठसका लागला मला. साधा, भाकरीचा. तिने पाठीवर हात फिरवला. मी ताटावरून उठलो.

२ जून

साळवे सिस्टरांना वही दिली. त्या खुर्चीत बसून सगळी वाचत राहिल्या. मी उभा. मग फळ्याकडे बघून म्हणाल्या, "आठ वर्षं मी हा आकडा लिहिते आहे."

मी म्हणालो, तुम्हाला माहीत नव्हते.

"तुलाही नव्हतं," त्या म्हणाल्या. त्यांनी पहिले पान वाचले होते.

उठल्या, ओल्या फडक्याने फळा पुसला. आजच्या बारा वाट्या लिहिल्याच नाहीत.

५ जून

वही घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे.

"शिक्षण किती?"

"आठवी. पास नाही."

"हे रकाने कोणी आखून दिले?"

"मीच."

पानोपान बघितले. एका जागी म्हणाले, इथे वय खोडलेले आहे. मी म्हणालो, आधी मुलाने चुकीचे सांगितले होते, खाली कारण लिहिले आहे. त्यांनी कारण वाचले. मग, "वर्गात शिकवतात हे आम्हाला. गिळता येत नसेल तर तोंडानं देऊ नये. सगळ्यांना माहीत असतं." चष्मा काढला. "माहीत असतं आणि वाटी मात्र जात राहते."

मी विचारले. विचारायचे नव्हते. "साहेब, बाबांना कोणत्या वेळचे लागले असेल?"

"ते कोणालाच सांगता येणार नाही, तायडे. न भरवताही गेले असते कदाचित. सोडून दे."

कदाचित हा शब्द मी वहीत कुठे वापरलेला नाही.

उद्यापासून आमच्या वॉर्डात चमच्याची परीक्षा. बसवून, एक चमचा, नाव विचारायचे. आवाज भरला तर नळी. तीन महिने. वही मी ठेवायची.

२७ जून

भांडणे रोज. आज एका पोराने माझी गचांडी धरली. "माहा बाप पानी मांगून राहिला आन तू पाहून राहिला? कसाई हायेस का?" गफूरभाई मध्ये पडला. "भाऊ, याले मार, पन सायंकाळी मार. आता याले अजून चार खाटा उलथ्या करायच्या हायेत." पोरगा हसला नाही, पण हात सोडला. मी त्याला जवळ बसवून बापाचा आवाज ऐकवला. ओठ ओले करायला कापूस दिला. संध्याकाळपर्यंत तो बापाचे ओठ ओले करत बसला होता.

मला कोणी असा कापूस दिला असता तर मी तेच केले असते.

३१ जुलै

समिती आली. वाट्या परत जातात म्हणून स्वयंपाकघराची तक्रार. एक सभासद सिस्टरांना सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, पूर्वी तुमचा वॉर्ड पहिला असायचा." सिस्टर म्हणाल्या, "होय." मी वही घेऊन मागे उभा होतो. मला कोणी विचारले नाही.

ते गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, "तोंड पाडू नकोस. खाट तीनचं नाव विचारून ये."

१९ ऑगस्ट

खाट तीन, दर्यापूरचा शेतकरी, तीन आठवडे नळी. आज पहिल्यांदा चमचा पास. नाव विचारले तर नाव सांगितले, गाव सांगितले, आणि म्हणाला, "आता चा दे, नायतं नाव बदलतो." मी बसवून पाजला. प्रत्येक घोटानंतर नाव विचारले.

१० सप्टेंबर

परीक्षा करूनही एक गेला. ठसका नाही, आवाज चांगला, तरी ताप. नोंद जशीच्या तशी केली. लपवावीशी वाटली. सिस्टर म्हणाल्या, "लिहिलीस ना?" लिहिली.

खाट तीन काठीवर चालत गेला. 'चालत' लिहिले.

६ ऑक्टोबर

तीन महिन्यांवर एक महिना जास्त. मोठ्या डॉक्टरांसमोर दोन्ही वेळचे मोजले. पूर्वी अर्धे तापायचे. आता पाचातला एक. ते म्हणाले, आकडा लहान आहे, पण चालू ठेवू. बायकांच्या वॉर्डातही सुरू करायचे. नातेवाइकांसाठी सूचना लिहायला सांगितली. "तुझ्या भाषेत लिही. माझी त्यांना कळत नाही."

गफूरभाईने पेढा मागितला. दिला. मी खाल्ला नाही.

पाचातला एक. गेल्या वर्षी ही परीक्षा असती तर बाबा चारांत असते की एकात, हे वही सांगत नाही.

१२ ऑक्टोबर

सूचना तयार. रोज चार वाजता भेटीच्या वेळेला मी मोठ्याने वाचतो.

"माय-बापहो, लकव्याच्या माणसाले निजवून काई पाजू नका. त्याचा गळा झोपेल हाय. तुमी देता ते पोटात नाय, छातीत जाते. ठसका लागला का थांबा, आमाले हाक मारा. ओठ ओले करा, हात धरून बसा. तेबी हातचंच हाय."

शेवटचे वाक्य सिस्टरांनी घालायला लावले.

२४ नोव्हेंबर

वर्ष झाले. भातकुलीला गेलो. बुद्धवंदना, जेवण. शांताताई आली होती. तिचे सासरे बरे आहेत, स्वतःच्या हाताने जेवतात. ती ते सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. तिलाही कळले आहे.

पंगतीत आई काकूंना सांगत होती, "उपाशी नाय जाऊ दिला त्याले. पोरानं भरवलं, मी चहा पाजला." काकू म्हणाल्या, "तुमचं भाग्य." ताई एकदम ताट घेऊन उठली.

आईला सांगायचे का, हे वर्षभर रोज ठरवतो. तिच्याजवळ एवढेच एक आहे.

१४ फेब्रुवारी १९६२

काय झाले ते नीट लिहितो.

आमच्या शेजारच्या यमुनाबाईंच्या मालकांना काल लकवा. खाट नऊ. मी सकाळी परीक्षा केली, नापास, सिस्टरांनी नळी घातली. यमुनाबाई एकटी बाई, म्हणून चार वाजता आई तिच्यासोबत आली. आई वॉर्डात बाबा गेले त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. ती येणार हे मला माहीत नव्हते.

मी दाराशी उभा राहून सूचना वाचत होतो. वाचताना वर बघत नाही. संपल्यावर बघितले तर आई खाट नऊपाशी, हातात बशी, चहा ओतलेला. तिचे लक्ष यमुनाबाईंच्या रडण्याकडे होते. अर्धेच ऐकले असणार. ती बशी त्यांच्या ओठाकडे नेत होती.

मी धावत जाऊन तिचे मनगट धरले. चहा चादरीवर सांडला.

"कावून रे?"

"नाय द्यायचं, आई."

"आता वाचत होता ते याचंच व्हय?"

"व्हय."

ती बशीकडे बघत राहिली. खाटेवर तो माणूस निजलेला, मान उशीवर. तिने त्याच्याकडे बघितले. मग अकराव्या खाटेकडे बघितले. तिथे आता दुसराच कोणी आहे.

"पुंडलिका, हे तुले कवा समजलं?"

"बाबा गेल्यावर."

"किती रोजानं?"

मी तिच्या हातातली बशी काढून घेतली. गफूरभाई म्हणाला, "मावशी, चला, बाहेर बसू, हवा लागन." ती त्याच्यासोबत गेली. बशी माझ्या हातात राहिली.

१५ फेब्रुवारी

आई बोलत नाही. रागावलेली नाही. स्वयंपाक करते, वाढते. 'घे अजून' म्हणत नाही.

१६ फेब्रुवारी

मीच म्हणालो, "आई, बाबायचं येगळं होतं. त्यायचा न्युमोनिया येगळा." डॉक्टर म्हणाले असे सांगितले. डॉक्टर असे म्हणाले नव्हते.

आई डाळ निवडत होती. म्हणाली, "तुले खोटं बोलता येत नाय. लहानपनापासून येत नाय."

१७ फेब्रुवारी

काकू आल्या होत्या. मी ऐकत होतो. बाबांचा विषय निघाला. आई म्हणाली, "गेला बापा." पुढचे काही सांगितले नाही. काकू वाट बघत होत्या, नेहमीचे येईल म्हणून. मग त्यांनीच म्हटले, "पोरानं भरवलं पन." आई म्हणाली, "साखर देऊ का अजून चहात?"

१८ फेब्रुवारी

रविवार. सुट्टी.

सकाळी आईने विचारले, "तुह्या त्या वहीत त्यायचं पान हाय?"

"हाय."

"काय लिवलं?"

मी वही काढून वाचून दाखवली. नाव, वय, बाजू, खाट. ताप सहाव्या दिवशी. ठसका: हो. आई भिंतीला टेकून ऐकत होती. प्रत्येक ओळीला 'हं' म्हणत होती.

"मंग?"

"एक रकाना रिकामा हाय."

"कायचा?"

"कोनं भरवलं त्याचा."

"बाकीच्यायच्या पानावर भरला?"

"भरला."

"मंग त्यायचाच कावून ठेवला?"

मी म्हणालो, लय जन होते. वाट्या माह्या होत्या, आई. नऊ. तू तं फक्त बशीभर चहा.

"रोज," ती म्हणाली.

परात पुढे ओढून तिने पीठ मळले. मग म्हणाली, "आज लिवून टाक. मी सांगतो तसं लिव. पीठ लागलं हाताले, धुवून येतो."

ती कोणाचे नाव सांगणार ते मला माहीत आहे. तिला वाचता येत नाही, मी माझेच लिहिले तरी कळणार नाही. पण वहीत मी आजवर खोटे लिहिलेले नाही, आणि खरे काय ते तिला नाही, मला नाही,

मोरीत पाणी पडते आहे. बराच वेळ धुते आहे.